भारद्वाज नव्हता

माझ्या मित्राने जाताना भारद्वाज पाहिला आणि तो पाहता पाहता त्यांचा प्राण गेला, असं भोरमध्ये अजूनही सांगतात. मरण यावं तर असं, म्हणतात. वाचनालयाने काढलेल्या छोट्या अंकातही ते छापून आलं. ते मीच लिहून दिलं होतं, आणि त्याआधी तोंडाने सगळ्यांना सांगितलंही मीच होतं.

भारद्वाज नव्हता. दुसरा कुठला पक्षी होता की नाही, तेही मला माहीत नाही. हे मी त्यांच्या पत्नीला यंदाच्या चैत्रात सांगितलं. बाकीच्यांसाठी इथे लिहितो आहे.

ते एस.टी.त होते. भोर स्टँडवर कंट्रोलर. मी महसुलात कारकून. माझी निम्मी नोकरी वेल्ह्याला गेली. दर सोमवारी पहाटेची गाडी धरायची, चेलाडीला उतरून दुसरी पकडायची. त्या वर्षांत त्यांचा फक्त आवाज माझ्या ओळखीचा होता. माइकवरून गाड्या पुकारताना ते गावांची नावं शेवटी लांबवत. ओळख झाली ती दोघेही निवृत्त झाल्यावर, तीही एका कुत्र्यामुळे.

स्टँडवरच्या बाकाखाली झोपणारं एक तपकिरी गावठी कुत्रं त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी हारतुऱ्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी आलं आणि राहिलं. त्याला नाव ठेवलं नाही. "ए" म्हटलं की ते यायचं. सकाळी ते त्याला घेऊन निघत, मी माझ्या फाटकात उभा असे. एक दिवस म्हणाले, "रावसाहेब, नुसतं उभं राहून पेन्शन वाढत नाही. चला." तेव्हापासून मी रोज जाऊ लागलो.

पक्ष्यांचं आम्हाला काही कळत नव्हतं. पण कुत्रं दर दहा पावलांवर हुंगायला थांबतं, आणि ते हुंगत असताना माणसाला इकडेतिकडे बघण्यावाचून काम नसतं. बघता बघता दिसायला लागलं. आधी तारेवरचा वेडा राघू, मग कोतवाल, मग पाण्याकाठी शेपटी हलवत पळणारा धोबी. पुण्याहून मुलाने त्यांना दुर्बीण आणून दिली. ती गळ्यात घालून ते निघाले की रस्त्यातले शेतकरी त्यांना हटकत.

"काय कंट्रोलर, आज गाडी लेट?"

"खोळंबा झाला. कुत्र्याने चिखलात बसकण मारली."

"मग पाखरं येळेवर हायती का न्हाई?"

"समदी फलाटावर लागल्यात. तुमचाच बैल तेवढा डेपोत आहे."

ही बोलणी गावाच्या हद्दीपर्यंत. पुढे भाताच्या खाचरांमधून धरणाच्या पाण्याकडे जाणारी गाडीवाट लागली की बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. "आयुष्यभर माइकवर ओरडलो. आता सकाळचा एवढा वेळ मुका," असं म्हणत.

वाट संपते तिथे एक जांभळीचं झाड आहे. तिथून पाण्यापर्यंत खाचरांचे बांध एकाखाली एक उतरत जातात. पाणपक्षी कुत्र्याला बुजतात. म्हणून आमची रीत ठरली होती. एकाने कुत्र्याला धरून जांभळीपाशी थांबायचं, दुसऱ्याने बांधावरून पुढे जायचं. एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा. पुढे गेलेला माणूस बसला आणि हालेनासा झाला, म्हणजे त्याला काहीतरी दिसलं आहे. मग मागच्याने हाक मारायची नाही, जवळ जायचं नाही. पुढच्याने पाठीमागे हात करून खुणावलं की मगच हळूहळू जायचं.

मी हा नियम एकदा मोडला होता. ते फार वेळ बसून होते, मला राहवलं नाही, कुत्र्याला घेऊन खाली उतरलो. पाण्याकाठची चक्रवाकाची जोडी उडाली. नारिंगी अंग आणि पंखांतला पांढरा पट्टा तेवढा मला दिसला. त्या हिवाळ्यात ती पुन्हा दिसली नाही. दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रावसाहेब, पंचनाम्याला आल्यासारखे येत जाऊ नका हो." मी वरमलो. पुन्हा असं करायचं नाही, असं मनाशी ठरवलं. ते ठरवलेलं मी पाळलं.

त्या दिवशी पाळी त्यांची होती. पौष चालू होता, पाण्यावर धुकं होतं. रात्री झोप नीट लागली नाही, पोटात वायू धरलाय, असं ते हद्दीपाशी म्हणाले होते. नंतर नेहमीप्रमाणे गप्प. जांभळीपाशी दोरी माझ्या हातात देऊन ते उतरले. तिसऱ्या बांधावर बसले. मला त्यांची पाठ दिसत होती. पाठीवर मफलरचं टोक होतं.

थोड्या वेळाने कुत्रं कुईकुई करायला लागलं. मग ओढायला लागलं. मी दोरी मनगटाला गुंडाळली. ते भुंकणार असं दिसलं, तेव्हा मी गुडघ्यावर बसून त्याचं तोंड हाताने दाबून धरलं. एकदा नाकावर चापटही मारली. त्याने मला चावायला हवं होतं, पण त्याने चावलं नाही. मी पाण्याकडे बघत होतो. एक कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबला होता, तो सूर मारायचा, रिकामा वर यायचा, पुन्हा थांबायचा. त्याला मासा मिळेपर्यंत मी त्याच्याकडे बघितलं. धुकं विरलं. ऊन बांधावर आलं. त्यांनी हात मागे केला नाही. आज काहीतरी विशेष दिसलेलं आहे, असं मला वाटलं आणि थोडा हेवाही वाटला.

शेवटी खाली गेलो तेव्हा दुर्बीण त्यांच्या मांडीवर होती. डोळे उघडे होते. अंगावर ऊन होतं, म्हणून हात गार लागला नाही, आणि मी त्यांना दोनदा "कंट्रोलर" म्हणून हलवलं.

खालच्या खाचरात पावट्याला पाणी देणारा शेतकरी धावत आला. त्याने टेम्पो आणला. मागे भाजीच्या रिकाम्या जाळ्या होत्या, त्या त्याने रस्त्यावरच टाकून दिल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ झाला?"

"आत्ताच," मी म्हणालो. "बसले आणि लगेच. मी शेजारीच होतो."

डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. लवकर आणलं असतं तर, असं कोणी विचारलं नाही, कारण मी लवकर आणलंच होतं.

त्यांचा मुलगा पुण्याहून निघाला. कापूरहोळला पोचल्याचा त्याचा फोन आला तोवर घर माणसांनी भरलं होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊजी, काय बघत होते?"

मी म्हणालो, "भारद्वाज."

दुसरं नाव सुचलं नाही. खरं तर सुचली असती, पन्नास पक्षी तरी आम्हाला एव्हाना ओळखता येत होते. पण भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो हे लहानपणापासून ऐकलेलं, तेच तोंडात आलं. वहिनींनी हात जोडले. शेजारच्या बाईने "सोनं झालं हो" म्हटलं. बाहेरच्या खोलीत ते माझ्या आधी पोचलं.

पक्षी बघणाऱ्याला ही थाप लगेच कळली असती. भारद्वाज त्यांच्या परसातल्या शेवग्यावर रोज येई. त्यासाठी कोणी धुक्यात बांधावर जाऊन बसत नाही. "तो तर घरचाच आहे, त्याला काय दुर्बीण लावायची," असं ते स्वतः म्हणत. पण भोरमध्ये आमच्याखेरीज पक्षी बघणारं कोणी नव्हतं.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवला आणि कावळा येईना. झाडावर तीन-चार बसून होते. मुलाने हात जोडून सांगितलं, आईला पुण्याला नेईन. वहिनी मागून म्हणाल्या, "खोटं कशाला सांगतोस, मी कुठं येणारेय?" त्यांच्या भावाने सांगितलं, वरच्या मजल्याचं काम पुरं करू. कोणी म्हणालं, बहुतेक चहा राहिला असेल, पाण्याशेजारी चहाचा कप ठेवा. ठेवला. गुरुजींनी दोनदा मोबाईल बघितला आणि दर्भाचा कावळा करू या का असं सुचवलं. तेव्हा भाऊ माझ्याकडे वळला. "तुम्ही बोला. शेवटी तुम्हीच होता जवळ."

मी पुढे झालो. काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "कुत्र्याची काळजी करू नका. मी रोज फिरवीन."

कावळा उतरला. लोकांनी निःश्वास सोडला. त्या वेळपर्यंत सगळे उन्हाला कंटाळून सावलीत मागे सरकले होते, आणि कावळ्याला तेवढंच हवं होतं. बोललेलं त्याला कळत नाही, तो माणूस किती लांब आहे ते बघतो. इतक्या वर्षांत एवढं मला समजत होतं. पण वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत मागे जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोरी घ्यायला गेलो. तेव्हापासून रोज जात होतो. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. पाण्याकडची वाट मी सोडली होती. उलट दिशेला, डांबरी रस्त्याच्या कडेने जायचो. हद्दीपाशी कुत्रं जुन्या वाटेकडे वळून बसायचं आणि मी त्याला उठवायचो. पक्षी दिसायचे. टिटवी ओरडली की टिटवी ओरडली एवढं कळायचं. थंडीत धोबी आले, उन्हाळ्यात गेले. दुर्बीण मुलाने मलाच दिली होती. ती मी कपाटात ठेवली. मला दुःख होत होतं असं मी म्हणणार नाही. तसं काही होत नव्हतं. सकाळ झाली की चपला घालायच्या, फाटक उघडायचं, दोरी घ्यायची, परत आणून द्यायची. वहिनी ओट्यावर चहा ठेवायच्या. मी प्यायचो.

शेवग्यावरचा भारद्वाज वहिनींना आता रोज दिसू लागला होता. तो घुमला की त्या हातातलं काम टाकून मागच्या दारी जात. आधी नुसता नमस्कार करायच्या. मग म्हणायला लागल्या, "आले बघा." मग त्याच्यासाठी कुंपणाच्या दगडावर भात ठेवू लागल्या. भारद्वाज भात खात नाही. तो भात साळुंक्या खायच्या. वहिनी म्हणत, "जेवायला अजून तसेच करतात. आधी दुसऱ्यांना." मी चहा संपवून उठायचो. कितीतरी वेळा तोंडाशी आलं होतं, आणि प्रत्येक वेळी वाटलं की हे सांगितलं तर त्यांच्याजवळ काय उरेल? तेवढंच नाही, माझ्याजवळही ते कुत्रं उरलं नसतं. दोन्ही कारणं खरी होती. दुसरं जास्त खरं होतं.

यंदा त्यांच्या कढीपत्त्याच्या झाडात बुलबुलाने घरटं केलं. मागच्या दारातून हात लांबवला तर पोचेल इतकं जवळ. तीन पिल्लं झाली. वहिनी कढीपत्ता तोडायच्या थांबल्या आणि शेजारणीकडून मागून आणू लागल्या.

एके सकाळी मी दोरी घ्यायला गेलो तर ओट्यावर चहा नव्हता. वहिनी मागच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी काठी पडली होती.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "यांनी असं कसं केलं हो?"

"कोणी?"

"यांनी." त्यांनी शेवग्याकडे मान केली. "काल. पिल्लं गिळली. एक, मग दुसरं. मी काठी घेऊन धावले, आणि मग काठी खाली टाकली. यांना कशी मारू? मी टाकली तेव्हा यांनी तिसरंही नेलं."

"वहिनी, भारद्वाज पिल्लं खातोच. सरडे, गोगलगाई, दुसऱ्यांची अंडी. त्याचं अन्नच ते."

"त्याचं असेल. यांचं नव्हतं. यांनी कधी अंड्याची पोळी ताटात घेतली नाही. माझ्यावर राग असेल. त्या दिवशी सकाळी छातीला बाम लावून दे म्हणाले, मी म्हटलं उठल्यावर लगेच काय सुरू झालं तुमचं. तो राग राहिला असेल. नाहीतर माझ्यासमोर, माझ्या दारात?"

कालपासून त्या जेवल्या नव्हत्या. कुत्रं त्यांच्या पायाशी बसलं होतं.

"तो भारद्वाज नव्हता," मी म्हणालो.

"भारद्वाजच. तांबडे पंख, लाल डोळा. मी आता ओळखते."

"इथला नाही. त्या दिवशीचा."

मग मी सगळं सांगितलं. जांभळीपाशी थांबणं, नियम, मफलर, कुत्र्याचं ओढणं. डॉक्टरांना जे सांगितलं ते आणि वहिनींना स्वतःला जे सांगितलं तेही. सांगताना माझा आवाज नीट होता. कार्यालयात टिपणी वाचून दाखवावी तसा.

मध्येच त्यांनी विचारलं, "कुत्र्याला कळलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मी तोंड दाबून धरलं."

त्यांनी कुत्र्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. उठून आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा पदर खोचलेला होता.

"मला तिथं घेऊन चला."

"आत्ता? ऊन होईल."

"मग कधी? पौषात?"

रिक्षा केली. कुत्रं मध्ये बसलं. रिक्षावाला ओळखीचा होता, म्हणाला, "काकू, तुमीबी पाखरं बघाया? कुत्र्याचं निम्मं भाडं लावू का?" कोणी हसलं नाही तेव्हा त्याने गिअर टाकला. गाडीवाटेच्या तोंडाशी त्याला थांबायला सांगून आम्ही चालत गेलो. वहिनींच्या पायात घरातल्या सपाता होत्या. पाणी खूप खाली गेलं होतं. मधला उघडा पडलेला गाळ वाळून भेगाळला होता.

"कुठं बसले होते?"

मी बांध दाखवला. त्या उतरल्या आणि बसल्या.

"असेच? तोंड पाण्याकडं?"

"हो."

"तुम्ही कुठं होता तिथं जा. कुत्रं घेऊन."

मी वर जांभळीपाशी गेलो. तिथून त्यांची पाठ दिसत होती. ऊन होतं, वारा नव्हता. मी उभा राहिलो. काय चाललं आहे ते मला आधी समजलं नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. ओरडून नाही. घरात बोलतात तसं.

"ओ."

"ऐकू आलं?"

"आलं."

थोडा वेळ गेला. मग त्यापेक्षा हळू, आजारी माणूस बोलेल तसं, "आता?"

"आलं, वहिनी."

त्यानंतर काही आलं नाही. त्यांची मान जराशी पुढे झाली असं वाटलं. त्या काही बोलल्या आणि मला ऐकू आलं नाही, की बोलल्याच नाहीत, हे तिथून कळायला मार्ग नव्हता. त्यांनी हात मागे केला नव्हता. मी दोरी सैल केली आणि कुत्र्यामागे बांधावरून उतरत गेलो. उतरताना एकदा पाय घसरला.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही म्हणाले." त्यांचे डोळे कोरडे होते. त्या म्हणाल्या, "यांनी हाक मारली असती तर तुम्हाला ऐकू आली असती."

"हो."

"मग मारली नाही, की मारता आली नाही?"

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. नियम त्यांचाच होता, त्यांनी शेवटपर्यंत पाळला असेल, असंही मनात आलं. ते मी बोललो नाही. इतके दिवस मी त्यांना ऐकायला बरं वाटेल तेच सांगत आलो होतो.

वहिनी उठल्या. माझ्या हातातली दोरी त्यांनी घेतली.

"उद्यापासून याला मी नेईन."

"फार ओढतं ते."

"ओढू दे."

चार पावलं गेल्यावर त्या थांबल्या. मागे न वळता म्हणाल्या, "मुलाला मी सांगते. लोकांना तुम्ही सांगा. मी सांगत फिरणार नाही."

रिक्षात मी बसलो नाही. त्यांनीही बसा म्हटलं नाही.

आता सकाळी त्या माझ्या घरावरून जातात. त्या वयात कुत्र्याला आवरणं जमत नाही, त्यांची अर्धवट पळापळ होते. त्या माझ्या घराकडे बघत नाहीत. माझ्या फाटकापाशी कुत्रं थांबतं आणि खांब हुंगतं, त्यामुळे त्यांनाही थांबावं लागतं. त्या वेळी मी आतल्या खोलीत असतो. त्याचं हुंगून होईपर्यंत तिथेच थांबतो.